डोळ्याखालची सूज, मूळ दाढेत : एका देशी कुत्र्याचे प्रकरण

कुत्र्याच्या डोळ्याभोवती सूज आली की पाहणाऱ्याचे सारे लक्ष डोळ्याकडे जाते, आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर गांधीलमाशी किंवा मधमाशी चावली असे घरच्या घरी ठरूनही जाते. पुष्कळदा ते बरोबर असते. पण सूज त्याच बाजूला, त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असेल आणि औषध चालू असेपर्यंतच बसत असेल, तर कारण डोळ्यात नसून तोंडात असण्याची शक्यता मोठी असते. वाघ्या नावाच्या कुत्र्याच्या बाबतीत हेच घडले. निदान होईपर्यंत पावसाळा सरला होता आणि तेवढा काळ त्याने जी वेदना सोसली ती टाळता येण्याजोगी होती, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे. मालकांच्या परवानगीने लिहीत असून त्यांचे नाव व गाव दिलेले नाही.

पूर्ववृत्त

वाघ्या सात वर्षांचा, नसबंदी केलेला देशी नर. वजन 22 किलो. सातारा जिल्ह्यातल्या एका शेतवस्तीवर तो राखणीला असतो. दिवसा गोठ्याजवळ साखळीला आणि रात्री मोकळा, असा त्याचा दिनक्रम आहे. रेबीजची लस दरवर्षी नियमित दिली जात होती, गोचिडांचे औषध मात्र गोचीड डोळ्यांना दिसले तरच लावले जाई. खाण्यात ज्वारीची भाकरी, दूध, कधी अंडे, आणि रविवारी मटणाच्या दुकानातून मुद्दाम मागून आणलेली हाडे. त्याला खाऊ घालण्याचे काम मालकांच्या आई करतात, आणि या प्रकरणातली सर्वांत उपयोगी माहिती त्यांच्याकडूनच मिळाली.

जूनच्या अखेरीस एका सकाळी वाघ्याच्या उजव्या डोळ्याखाली, नाकाकडच्या कोपऱ्याच्या जरा खाली, सुपारीएवढी सूज दिसली. गोठ्याच्या वाशाला गांधीलमाश्यांचे पोळे होते, त्यामुळे कोणालाच दुसरी शंका आली नाही. वस्तीवर येऊन तपासणाऱ्या पशुवैद्यांनी अ‍ॅलर्जीचे आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. दोन दिवसांत सूज उतरली आणि गांधीलमाशीचे निदान सर्वांच्या मनात पक्के झाले.

जुलैमध्ये सूज परत आली. या वेळी डोळ्यातून पाणीही येत होते. औषधाच्या दुकानातून डोळ्यात घालायचे थेंब आणले गेले. त्यात प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइडही होते. त्यासोबत पाच दिवस प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या आणि सूज पुन्हा बसली. गणपतीच्या सुमारास ती तिसऱ्यांदा आली, वाढली आणि फुटली. डोळ्याखालच्या कातडीला छिद्र पडून रक्तमिश्रित पू बाहेर आला. घरच्यांनी जखम धुऊन हळद लावली, वरून मलम लावले, छिद्र आठवड्याभरात बुजले. ऑक्टोबरमध्ये त्याच जागी पुन्हा सूज दिसू लागली, तेव्हा वाघ्या माझ्याकडे आला.

पहिल्या इंजेक्शनाबद्दल मी कोणाला दोष देत नाही. वस्तीवर, कंदिलाच्या नाहीतर टॉर्चच्या उजेडात, चावऱ्या कुत्र्याला दोघांनी धरून ठेवलेले असताना एकदाच आलेल्या सुजेकडे पाहून अ‍ॅलर्जीचा अंदाज करणे समजण्यासारखे आहे. अडचण पुढे निर्माण झाली. स्टेरॉइडमुळे कोणताही दाह तात्पुरता कमी होतो, मग तो माशीच्या डंखाचा असो वा हाडातल्या पुवाचा. त्यामुळे इंजेक्शनाने सूज उतरली एवढ्यावरून ती अ‍ॅलर्जीच होती असे सिद्ध होत नाही. प्रतिजैविकाचेही तसेच. मुळाशी असलेला मृत भाग जागच्या जागी राहतो, भोवतालचे जंतू काही काळ दबतात आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा वाढतात. वाघ्याच्या घरी दोन्ही वेळा ‘औषध लागू पडले’ असेच वाटत राहिले.

डोळ्याची तपासणी

सुजलेल्या डोळ्याला हात लावण्याआधी कुत्र्याला थोडे दूर उभे करून पाहावे, आणि मग त्याच्या मागे जाऊन, डोके वरून पाहावे, असा माझा आग्रह असतो. वरून पाहिले की दोन्ही बुबुळे, म्हणजे डोळ्यांचे गोळे, एका रेषेत आहेत की एक पुढे आलेले आहे, हे लगेच कळते. वाघ्याचे दोन्ही डोळे एका पातळीत होते. उजव्या बाजूची सूज पापणीत नव्हती. ती पापणीच्या खाली, गालाच्या हाडावर होती आणि जुन्या छिद्राच्या जागी केस झडून गुलाबी, पातळ कातडी ताणलेली दिसत होती. बोट ठेवताच त्याने मान झटकली. अंगात ताप होता : 103.2 फॅरनहाइट. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 101 ते 102.5 च्या दरम्यान असते.

सूज नेमकी कोणत्या भागाला आली आहे, हा प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण उत्तरानुसार आजार पूर्ण बदलतो. दोन्ही पापण्या, ओठ, कधी संपूर्ण तोंड तासा-दोन तासांत फुगले आणि कुत्रे खाजवत असेल, तर डंख किंवा अ‍ॅलर्जी हे पहिले कारण धरावे. नाकाजवळच्या कोपऱ्यात तांबडा, गुळगुळीत गोळा वर आला असेल तर ती तिसऱ्या पापणीची सरकलेली ग्रंथी असते. बीगल, कॉकर स्पॅनियल, बुलडॉग यांच्या पिल्लांत ती विशेष दिसते. फक्त पापणीच्या कडेवर बारीक गाठ असेल तर तिथल्या तेलग्रंथीचा दाह किंवा गाठ असू शकते. सबंध बुबुळच पुढे आले असेल, तिसरी पापणी वर सरकली असेल आणि तोंड उघडताना कुत्रे कळवळत असेल, तर खोबणीत, म्हणजे बुबुळाच्या मागे, पू साठलेला असण्याची दाट शक्यता असते. बुबुळ फुगून मोठे, निळसर-पांढरट आणि दगडासारखे कडक झाले असेल तर काचबिंदू समजावा. तेथे काही तासांचा उशीरही दृष्टी घालवू शकतो.

ग्रामीण भागात काम करताना आणखी एक कारण सतत मनात ठेवावे लागते, ते सर्पदंशाचे. कुत्रे हुंगत पुढे जाते, त्यामुळे दंश बहुधा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर होतो. घोणस चावली तर तोंडाची सूज झपाट्याने वाढते, कातडी काळी-निळी पडू लागते आणि दंशाच्या जागेतून किंवा हिरड्यांतून रक्त झिरपत राहते. अशा कुत्र्याला गांधीलमाशीचे इंजेक्शन देऊन घरी ठेवले तर ते हाती लागत नाही. पग किंवा शिह त्झू जातीच्या कुत्र्याचे बुबुळ मार लागून खोबणीबाहेर आले, तर ते आत ढकलण्याचा प्रयत्न न करता सलाईनने ओला केलेला स्वच्छ कापड त्यावर ठेवून तडक दवाखाना गाठावा.

वाघ्याच्या बाबतीत यातले काहीच जुळत नव्हते, तरीही डोळा नीट तपासणे आवश्यक होते. कोणतेही औषध घालण्यापूर्वी अश्रू मोजण्याची कागदी पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट ठेवली. उजव्या डोळ्यात 21 मिलिमीटर ओल आली, डाव्यात 18. पंधराच्या वर आकडा आला की डोळा कोरडा नाही असे मानता येते. त्यानंतर फ्लुरोसीन या रंगद्रव्याचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिले. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्यावर, जखम असेल तर ती जागा हिरवी चमकते. वाघ्याचा कॉर्निया स्वच्छ होता, आणि हे पाहून खरोखर हायसे वाटले, कारण जुलैमध्ये त्याच्या डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब गेले होते. कॉर्नियावर जखम असताना असे थेंब घातले तर जखम भरून येत नाही, जंतूंना मोकळे रान मिळते आणि पडदा विरघळून डोळा फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. घरात उरलेली डोळ्यांच्या औषधाची बाटली, माणसाची असो की दुसऱ्या कुत्र्याची, ही तपासणी झाल्याशिवाय वापरू नये, हे मी प्रत्येक मालकाला सांगतो. बाटलीवरच्या नावात ‘डेक्सा’ किंवा ‘प्रेड’ अशी अक्षरे दिसली तर विशेष सावध राहावे.

डोळ्यातला दाब दोन्हीकडे सारखा आणि मर्यादेत होता. पापण्या मिटवून दोन्ही बुबुळे अंगठ्याने हलकेच मागे दाबून पाहिली, तर दोन्ही सारखीच मागे गेली. म्हणजे खोबणीत काही साठलेले नव्हते. डोळ्याच्या आतही रक्त किंवा गढूळपणा नव्हता. उजवा डोळा पाणावत होता त्याचे कारण उघड होते : अश्रू नाकाकडे वाहून नेणारी बारीक नळी त्याच भागातून जाते, आणि बाहेरच्या सुजेने ती दबली होती. डोळा निरोगी होता. आता तोंड उघडायचे होते.

ओठ वर केल्यावर

मालकांच्या आईंना मी विचारले, “काकू, हा दोन्ही बाजूंनी चावतो का?” त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “न्हाई डॉक्टर, लई दिवस झालं, भाकरी डावीकडंच घेतोय. नळी दिली तर चाटतोय नुसता आणि सोडून देतोय. मला वाटलं, वय झालं.” नळीचे हाड सोडून देणारा वाघ्या त्यांना वेगळा वाटला होता, पण ते डोळ्याच्या सुजेशी जोडावे असे त्यांच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

वाघ्याच्या तोंडाला पट्टीची सैल मुसकी बांधून उजव्या बाजूचा वरचा ओठ मी वर केला. डाव्या बाजूचे दात सात वर्षांच्या गावठी कुत्र्याचे असावेत तसे होते, थोडे झिजलेले पण पांढरे. उजव्या बाजूला सुळ्यापासून मागपर्यंत तपकिरी कीटणाचा जाड थर होता. ज्या बाजूने कुत्रे चावत नाही त्या बाजूला कीटण साठत जाते, त्यामुळे दोन बाजूंतला असा फरक हीच वेदनेची खूण असते. त्या थराखाली वरची मोठी कातरणारी दाढ होती, आणि तिची बाहेरची बाजू अखंड नव्हती. दाढेचा बाहेरचा पापुद्रा टोकापासून हिरडीच्या आतपर्यंत उभा तडकून निघाला होता. एक लहान तुकडा हिरडीला अजून चिकटून हलत होता, आणि उघड्या पडलेल्या भागाच्या मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसत होता. दातातला जिवंत गर उघडा पडून मेला की असा ठिपका राहतो. दाढेच्या वर, हिरडी आणि गाल जिथे मिळतात तिथे बोट फिरवले तर मऊ फुगवटा लागत होता, आणि तो बाहेरून डोळ्याखाली दिसणाऱ्या सुजेच्या बरोबर समोर होता.

ही दाढ वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ होय; पशुवैद्यक तिला कार्नेशियल म्हणतात. कुत्र्याच्या 42 दातांमध्ये मांस आणि हाड कातरण्याचा सर्वांत मोठा भार तिच्यावर आणि खालच्या पहिल्या दाढेवर येतो. हाडावर जोर देताना ती जशी कामास येते तशीच तडकतेही, आणि तडकते ती बहुधा याच रीतीने, बाहेरचा पापुद्रा निघून. तिला तीन मुळे असतात आणि त्यांची टोके डोळ्याच्या खालच्या भागातल्या हाडात रुतलेली असतात. तोंडातले जंतू उघड्या गरातून आत शिरतात, मुळांच्या टोकाशी गळू धरते, पू वाट शोधत पातळ हाड पोखरतो आणि सर्वांत जवळची कातडी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखालची जागा, फुगते. तिथून फुटले की नासूर होतो. तो बाहेरून कितीही वेळा भरून आला तरी खाली मूळ जागच्या जागी असते, त्यामुळे पुन्हा फुटतो. शेवटच्या दोन दाढांची मुळे तर थेट खोबणीच्या तळाशी असतात. त्यांना असे झाले तर पू बुबुळाच्या मागे जाऊ शकतो.

ओठ वर करून हे पाहायला अर्धे मिनिट लागले. डोळ्याखालच्या सुजेच्या प्रत्येक कुत्र्याचे तोंड पहिल्याच भेटीत पाहिले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. चावरे असेल तर गुंगी देऊन पाहावे, पण पाहावे.

रक्ततपासणी आणि लांबलेली शस्त्रक्रिया

दाढ काढायची तर पूर्ण भूल द्यावी लागणार होती, म्हणून रक्त तपासले. मूत्रपिंड आणि यकृताचे आकडे चांगले होते, पण प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फक्त 58,000 निघाल्या. कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. वाघ्याच्या कानाच्या आतल्या बाजूला आणि पायाच्या बोटांत गोचीड होतेच. गोचिडांतून पसरणाऱ्या एर्लिकिया जंतूची, म्हणजे गोचीडतापाची, झटपट चाचणी केली, ती सकारात्मक आली. ही चाचणी रक्तातील प्रतिद्रव्ये दाखवते आणि पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गातही सकारात्मक येऊ शकते. पण अंगावर गोचीड आणि इतक्या कमी प्लेटलेट एकत्र दिसत असताना उपचार न करणे योग्य ठरले नसते.

गोचीडतापाचा डोळ्याशीही थेट संबंध आहे. त्यात डोळ्याच्या आतला दाह होतो, कधी डोळ्यात रक्तही उतरते, आणि कुत्र्याचा डोळा लाल, गढूळ, अर्धवट मिटलेला दिसतो. म्हणून वाघ्याच्या डोळ्याचा आतला भाग पुन्हा एकदा, बाहुली मोठी करून, काळजीपूर्वक पाहिला. तो स्वच्छ होता. त्याला दोन वेगवेगळे आजार होते. सूज दाढेची होती आणि गोचीडताप तिच्या आड लपला होता. केवळ रक्ताचा अहवाल पाहून सुजेचे खापर गोचीडतापावर फोडले असते, तर दाढ पुन्हा तशीच राहिली असती.

इतक्या कमी प्लेटलेट असताना हाड कोरून दाढ काढणे म्हणजे न थांबणाऱ्या रक्तस्रावाला आमंत्रण होते. डॉक्सिसायक्लिन, प्रतिकिलो दिवसाला 10 मिलिग्रॅम, 28 दिवसांसाठी सुरू केले. ही गोळी कोरडी दिली आणि अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, म्हणून भाकरीच्या घासात देऊन वरून पाणी पाजण्यास सांगितले. हाडातल्या जंतुसंसर्गासाठी क्लिंडामायसिन दिले. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे या टप्प्यावर टाळली, कारण ती प्लेटलेटच्या कामात आणखी अडथळा आणू शकतात. त्याऐवजी गॅबापेंटिन दिले. घरात माणसांसाठी ठेवलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देऊ नये, असे स्वतंत्रपणे बजावले. कुत्र्याच्या पोटात त्यांनी रक्तस्राव करणाऱ्या जखमा होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पंधरवड्यानंतर प्लेटलेट 1,90,000 झाल्या होत्या. सूज पूर्ण बसली होती, ताप नव्हता, वाघ्या शेपटी हलवत दवाखान्यात शिरला. आणि नेमक्या याच वेळी मालकांनी तो प्रश्न विचारला जो अशा प्रत्येक प्रकरणात येतो.

“डॉक्टर, आता बसलीय सूज. मग दाढ काढायलाच पाहिजे का? एवढी भूल, एवढा खर्च.”

त्यांचा प्रश्न रास्त होता. सोयाबीनचे पैसे अजून हाती आले नव्हते, आणि भूल दिलेले जनावर उठले नाही अशा गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या. मी त्यांना जूनपासूनचा क्रम पुन्हा सांगितला : तीन वेळा सूज बसली होती आणि तिन्ही वेळा परत आली होती. मेलेला गर औषधाने जिवंत होत नाही, रक्त तिथे पोहोचत नाही, त्यामुळे औषधही पोहोचत नाही. दुसरा मार्ग रूट कॅनालचा होता. तो कुत्र्यांतही करता येतो आणि दाढ वाचते. पण त्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागले असते, पुढे एक्स-रे काढून ती दाढ तपासत राहावे लागले असते, आणि पापुद्रा हिरडीच्या इतका खाली तडकलेला असताना ती टिकेल याची खात्री कमी होती. राखणीच्या कुत्र्यासाठी, जो दाढ वाचल्यावर पुन्हा हाडेच चावणार, काढणे हाच मला योग्य उपाय वाटला. काकू म्हणाल्या, “काढा. चार महिनं दुखणं घेऊन राखण केली त्यानं.” निर्णय झाला.

दाढ काढताना

भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातली, घशात ओला गॉज ठेवला आणि प्रथम दातांचा एक्स-रे घेतला. माणसांच्या दंतवैद्यांकडे असते तसेच लहान यंत्र यासाठी वापरतात. फिल्म किंवा सेन्सर तोंडात ठेवला की एकेका मुळाचे स्पष्ट चित्र मिळते, जे कवटीच्या नेहमीच्या एक्स-रेत दाढांच्या गर्दीत हरवून जाते. पुढच्या दोन्ही मुळांच्या टोकांभोवती हाड विरघळल्याचा काळा गोल दिसत होता, मागच्या मुळाशी तो फिकट होता. शेजारच्या दाढा शाबूत होत्या.

डोळ्याखालच्या हाडातल्या छिद्रातून बाहेर येणाऱ्या चेतातंतूजवळ ब्युपिव्हाकेन टोचून तो भाग बधिर केला. यामुळे भूल हलकी ठेवता येते आणि कुत्रे शुद्धीवर आल्यावर पहिले काही तास वेदनेविना जातात. हिरडीची झडप उचलून मुळांवरचे हाड थोडे कोरले आणि ड्रिलने दाढेचे तीन भाग केले, प्रत्येक भागाला एक मूळ राहील असे. तीन मुळांची दाढ अखंड ओढून काढण्याचा प्रयत्न केला तर मूळ तुटते, कधी जबडाही.

डोळ्याला खरा धोका या टप्प्यावर असतो. मूळ सैल करण्याचे हत्यार घसरले तर कुजलेल्या पातळ हाडातून ते थेट खोबणीत जाऊ शकते आणि बुबुळाला भोक पाडू शकते. म्हणून ते हत्यार मुठीत धरताना तर्जनी त्याच्या टोकापासून अगदी थोड्या अंतरावर टेकवलेली ठेवावी, म्हणजे घसरले तरी बोट अडसर होते. आणि जोर लावण्याऐवजी थोडे फिरवून दहा-पंधरा सेकंद तसेच धरून ठेवावे, म्हणजे मुळाभोवतीचे तंतू थकून सुटतात. मागचे मूळ लवकर निघाले. टाळूकडचे मूळ निघायला बराच वेळ लागला, आणि ते बाहेर आले तेव्हा त्याच्या टोकाला पुवाने भरलेली करड्या रंगाची पिशवी चिकटलेली होती.

खड्डे खरवडून सलाईनने धुतले तेव्हा पाणी डोळ्याखालच्या जुन्या छिद्राच्या जागेतून बाहेर आले. तोंड आणि नासूर एकच वाट असल्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको होता. हाडाच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, एकही मुळाचा तुकडा मागे राहिला नाही याची एक्स-रेने खात्री केली आणि हिरडी ताण न देता विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवली. डोळ्याखालचे छिद्र शिवले नाही. मूळ गेल्यावर ते आपोआप बुजते, आणि बुजेपर्यंत उरलेला स्राव त्यातून निघून जातो.

घरची काळजी आणि पुढील भेटी

प्लेटलेट आता पुरेशा असल्याने मेलॉक्सिकॅम, प्रतिकिलो 0.1 मिलिग्रॅम या प्रमाणात, खाल्ल्यानंतर दिवसातून एकदा असे पाच दिवस दिले. डॉक्सिसायक्लिनचे 28 दिवस पूर्ण करायचे होते. दोन आठवडे भाकरी कुस्करून, मऊ करून द्यायची होती. काकूंनी मटणाच्या रश्श्यात भिजवली तर चालेल का असे विचारले. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात, त्यामुळे रस्सा नाही, नुसते मीठ-मसाल्याविना उकडलेले पाणी चालेल, असे ठरले. पायाने तोंड खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला. तो त्याने गोठ्याच्या खांबावर आपटून तोडला, तेव्हा दुसरा आणून घालावा लागला.

बाराव्या दिवशी हिरडी जुळून आली होती आणि डोळ्याखालचे छिद्र बंद झाले होते. डोळ्यातून पाणी येणे थांबले होते. महिन्याअखेरच्या रक्ततपासणीत प्लेटलेट 2,60,000 होत्या. जानेवारीत पुन्हा पाहिले तेव्हा झडलेल्या जागी केस आले होते आणि वाघ्या दोन्ही बाजूंनी चावत होता, असे काकूंनी स्वतःहून सांगितले.

गोचिडांसाठी आता दर महिन्याला गोळी दिली जाते आणि गोठ्याच्या भिंतींच्या फटी वर्षातून दोनदा लिंपून घेतल्या जातात, कारण गोचीड अंडी कुत्र्याच्या अंगावर न घालता अशा फटींत घालतात. हाडांबद्दल बरीच चर्चा झाली. मटणाच्या दुकानातले नळीचे हाड, वाळलेले शिंग, दगड, गाडीची साखळी, यांतले काहीही दाढ तडकवू शकते. ज्या वस्तूवर अंगठ्याच्या नखाने दाबून खूण उमटत नाही, ती कुत्र्याच्या दातांसाठी फार कठीण आहे, असे मी सांगितले. काकूंनी तिथेच टेबलावरच्या रबरी चेंडूवर नख दाबून पाहिले आणि खूण उमटलेली दाखवली.

डाव्या बाजूच्या त्याच दाढेच्या टोकावर एक बारीक ढलपा उडालेला आहे. गर उघडा पडलेला नाही आणि प्रोब, म्हणजे दात तपासण्याची टोकदार सळई, कुठेही अडकत नाही, म्हणून ती सध्या तशीच ठेवली आहे. पावसाळ्याआधी तिचा एक्स-रे घ्यायचा आहे. तोवर वाघ्याने पुन्हा एकाच बाजूने खायला सुरुवात केली किंवा डाव्या बाजूला कीटण जमू लागले, तर सुजेची वाट न पाहता त्याला लगेच घेऊन यायचे आहे.